गॅस गिझर पेटत नाही? सुटे भाग बदलण्याआधी हा क्रम पाळा

गॅस गिझर पेटेनासा झाला की घरोघरी एकच कार्यक्रम होतो. आधी सेल बदलतात, मग सिलिंडर हलवून बघतात. मग मेकॅनिक येतो, झाकण काढतो आणि ‘सर्किट गेलंय’ म्हणतो. नवं सर्किट बसतं, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा थंड पाण्याची आंघोळ.

मागच्या हिवाळ्यात सांगलीला वहिनीकडे हेच झालं होतं. सेल दोनदा बदलून झाले होते, सर्किट एकदा. मी विचारलं, “वहिनी, टाकी कधी धुतली?” म्हणाली, “दिवाळीच्या आधी. का रे?” गिझरला थंड पाणी जिथून शिरतं तिथे बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते. ती काढली तर आत वाळू आणि शेवाळाचा लगदा गच्च बसलेला. जाळी धुतली, बसवली, नळ सोडला. दुसऱ्या-तिसऱ्या टिकेला गिझर पेटला. जुनं सर्किट चांगलंच होतं. ते मेकॅनिक घेऊन गेला होता.

सुटे भाग बदलणं ही शेवटची पायरी आहे, लोक ती पहिली करतात. पुढे जे लिहिलंय ते दोन मोठ्या सेलवर चालणाऱ्या, नळ सोडला की आपोआप पेटणाऱ्या, मिनिटाला पाच-सहा लिटरच्या घरगुती गिझरसाठी आहे. काडी लावून पेटवायचे जुने गिझर यात धरलेले नाहीत.

आधी हे समजून घ्या: गिझर पेटतो कसा

नळ सोडला की पाणी गिझरमधल्या एका रबरी पडद्याला रेटतं. या पडद्याला मेकॅनिक ‘डायफ्राम’ किंवा नुसतं ‘रबर’ म्हणतात. पडदा एक पिन बाहेर ढकलतो. पिन हलली की मायक्रो स्विच सर्किटला जागं करतो. सर्किट एकाच वेळी दोन कामं करतं: इलेक्ट्रोडवर टिकटिक ठिणग्या पाडतं आणि गॅसच्या कॉइलला वीज देऊन गॅसची वाट उघडतं. बर्नर पेटतो. ज्योतीत बुडालेली सेन्सरची काडी ‘पेटला’ असा निरोप देते, मग ठिणग्या थांबतात आणि गॅस चालू राहतो. काही सेकंदांत हा निरोप आलाच नाही, तर सर्किट गॅस बंद करतं.

म्हणजे पाणी, स्विच, ठिणगी, गॅस, ज्योत, सेन्सर. साखळी कुठे तुटली हे कळेपर्यंत पेचकस हातात घ्यायचा नाही.

तयारी

जवळ ठेवा: एक साधा मल्टिमीटर, अल्कलाइन प्रकारचे दोन कोरे डी साइज सेल, चौफुलीचा पेचकस, पाना, जुना टूथब्रश, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, वाटीभर भांड्यांच्या साबणाचं पाणी, एक लिटरची रिकामी बाटली आणि बॅटरीची टॉर्च. मोबाइलचा कॅमेरा सगळ्यात महत्त्वाचा. उघडण्याआधीचा फोटो नसेल तर कुठली वायर कुठे होती यावर अर्धा तास जातो.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद-चालू करायला घरातलं कोणीतरी मोठं माणूस सोबत असू द्या. नळ सोडायलाही तेच उपयोगी पडतं, कारण एकाच माणसाला नळाजवळ आणि गिझरसमोर उभं राहता येत नाही.

सावधान. गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी गळतीच्या क्रमांकावर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाला वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. खाली वाकून बघा.

सावधान. गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला असेल तर दुरुस्तीचा विचार नंतर, तो आधी बाहेर हलवा. हिशोब करून बघा. ४ बाय ६ फुटांची, ८ फूट उंचीची बाथरूम म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. बंद बाथरूममधली हवा अर्ध्या तासात संपेल. ती संपायच्या बऱ्याच आधी, हवा कमी पडू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस दाराची कडी काढण्याआधी कोसळतो. गिझरची जागा ड्राय बाल्कनीत किंवा हवा खेळत्या भिंतीवर. आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा.

टप्पा १: झाकण न उघडता ऐका

गॅस चालू ठेवून गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. गिझरच्या खिडकीत बघा, कान द्या आणि मनात अंक मोजा. पुढचं सगळं या दहा सेकंदांवर ठरतं.

टिकटिक आलीच नाही, तर दोष सेल, पाणी किंवा मायक्रो स्विच यांच्यात. टप्पा २, ३ आणि ५.

टिकटिक येते पण पेटत नाही. दोष गॅस, कॉइल किंवा चुकीच्या जागी पडणारी ठिणगी. टप्पा २, ४ आणि ६. सेल इथेही आहेत, का ते पुढे येईल.

पेटतो, पण तीन-चार सेकंदांत विझतो. सेन्सरवर संशय. टप्पा ७.

बऱ्याच टिकटिकीनंतर ‘भप्प’ आवाज करून भडका उडतो. गिझर वापरणं आत्ताच थांबवा आणि टप्पा ६ नीट वाचा.

पेटतो, दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि मधेच बंद होतो. टप्पा ८.

लागोपाठ नळ सोडून-बंद करून बघण्याची सवय फार वाईट. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस बर्नरमध्ये सुटलेला असतो. तीन प्रयत्न फसले की गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग पुढे चला.

टप्पा २: सेल मोजा, अंदाज करू नका

‘टिकटिक येतेय म्हणजे सेल ठणठणीत’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. ठिणगीला फारच थोडी वीज लागते. गॅसची कॉइल ओढून उघडायला त्याहून बरीच जास्त लागते. उतरलेले सेल टिकटिक जोरात करतात आणि कॉइल हलवतही नाहीत. बाहेरून ते गॅस संपल्यासारखं दिसतं.

सेल बाहेर काढून मोजले तर उतरलेला सेलही चांगला आकडा दाखवून फसवतो. काम चालू असताना मोजायचं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, सेलच्या डब्याच्या दोन टोकांना लावा आणि सोबतच्याला नळ सोडायला सांगा. कोऱ्या जोडीवर ३ व्होल्टच्या आसपास दिसतं. टिकटिक चालू असताना आकडा २.५ च्या खाली घसरला तर मी सेल बदलतो, वाद घालत नाही.

सेलच्या बाबतीत हमखास होणाऱ्या चुका:

एक नवा आणि एक जुना सेल. जुना नव्यालाही घेऊन बुडतो. दोन्ही एकदम बदला.

चार्ज करता येणारे सेल. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे जोडीला २.४. कोऱ्या अवस्थेतच आपली सीमा ओलांडलेली.

घड्याळाचे छोटे सेल प्लास्टिकच्या खोळीत घालून मोठ्या सेलच्या जागी बसवणं. दोन आठवड्यांत गिझर पुन्हा रुसतो.

आणि गंजलेला डबा. सेलचा डबा बहुतेक गिझरच्या बुडाशी असतो, पाण्याचे थेंब तिथेच ओघळतात. पत्तीवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर हातमोजा घालून लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा, मग पॉलिश पेपर हलकेच फिरवा. पत्ती सैल वाटली तर पकडीने किंचित बाहेर ओढा.

तपासा. नव्या सेलवर गिझर पेटला तरी लगेच खूश होऊ नका. सेलवर तारीख लिहा. रोजच्या वापरात ते महिना-दीड महिन्यातच संपू लागले तर सर्किट किंवा मायक्रो स्विच नळ बंद असतानाही वीज खातोय.

टप्पा ३: पाणी पुरेसं येतंय का

पाणी कमी असलं तर सेल, सर्किट, गॅस सगळं उत्तम असूनही गिझर हूं की चूं करत नाही. टिकटिक नसलेल्या गिझरांमध्ये मला सर्वांत जास्त वेळा हाच दोष सापडलाय.

लिटरची बाटली गरम नळाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २०–२२ सेकंदांत भरली तर पाणी ठीक. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर दोष इथेच शोधा. बहुतेक गिझरना पेटायला मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास पाणी लागतं.

आता जाळी. पाण्याचा कॉक बंद करा, खाली बादली ठेवा, थंड पाण्याचा पाइप गिझरपासून सोडवा. तोंडाशी बसलेली जाळी नखाने किंवा चिमट्याने ओढून काढा, टूथब्रशने धुवा, उजेडाकडे धरून बघा. सगळी भोकं दिसली पाहिजेत. बोअरचं पाणी असेल तर त्यावर क्षारांचा पांढरा थर असतो, तो ब्रशने निघत नाही. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये टाका. जाळी काढून टाकून पाइप तसाच जोडू नका. त्या दिवशी पाणी जोरात येईल, पण पुढची वाळू थेट डायफ्राममध्ये जाईल आणि तो खर्च जास्त आहे. पाइप परत बसवताना रबरी वायसर जागेवर आहे ना हे बघा, आणि पाना वापरताना पितळी आट्या चिरडू नका.

जाळी स्वच्छ असूनही पाणी कमी? शॉवरची चाळणी काढून नुसता पाइप सोडून बघा. क्षारांनी बुजलेली चाळणी पुढून पाणी अडवते. त्यानेही जमलं नाही तर टाकीची उंची बघा. गिझरच्या पट्टीवर पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो, बहुतेकांवर ०.०२ ते ०.०३ एमपीए. सोप्या भाषेत, टाकीतलं पाणी गिझरपेक्षा किमान दोन-तीन मीटर उंच हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा गिझर कायम कुरकुरतो तो यामुळे. तिथे सर्किटं बदलत बसण्यापेक्षा टाकी चौथऱ्यावर चढवणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं हाच इलाज.

मिक्सर नळ असेल तर अजून एक. काही इमारतींमध्ये थंड पाणी पंपाच्या दाबाने येतं आणि मिक्सरमधून उलटं गरम पाइपला रेटतं. गिझरमधलं पाणी जागच्या जागी थांबतं. फक्त गरम बाजू उघडल्यावर पेटत असेल आणि थंड मिसळताच विझत असेल, तर गिझर निर्दोष आहे.

टप्पा ४: गॅस, पण फक्त बाहेरचा

गिझरच्या आतली गॅसची बाजू, म्हणजे वॉल्व्ह, नॉझल आणि त्यांच्या जोडण्या, आपण उघडायच्या नाहीत. ती कंपनीच्या माणसाची कामं. पण सिलिंडरपासून गिझरपर्यंतची तपासणी आपल्या हातात आहे.

सिलिंडर नुकताच बदललाय का? पाइपमध्ये हवा भरलेली असते. पहिले दोन-तीन प्रयत्न फसणं साहजिक आहे, मधे पाच मिनिटं सोडून पुन्हा करा. रेग्युलेटर काढून परत बसवा. तो ‘खट्’ करून पूर्ण खाली बसला पाहिजे. नारिंगी सुरक्षा पाइपला कुठे घडी पडलीये का, कॉक अर्धवट उघडा आहे का हे बघा. पाइपवर छापलेलं साल पाच वर्षांहून जुनं असेल तर तो बदला, गिझर पेटो न पेटो.

‘शेगडी तर चालतेय, म्हणजे गॅस आहे’ असं म्हणणारे बरेच भेटतात. शेगडीचा एक बर्नर जितका गॅस घेतो त्याच्या चार-पाचपट गिझर ओढतो. संपत आलेला सिलिंडर शेगडीला पुरतो, गिझरला पुरत नाही. थंडीत तर जास्तच, कारण गार सिलिंडरमध्ये द्रवाचा वायू हळू होतो. जानेवारीत सकाळी सहाला पेटत नाही आणि दुपारी बाराला झटक्यात पेटतो, अशी तक्रार असेल तर सिलिंडर उचलून वजन बघा.

सावधान. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, आडवा करणं, हलवून ‘शेवटचा गॅस’ काढणं, हे प्रकार नकोत. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. हॉटेलच्या भट्टीचा, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटरही घरच्या गिझरला लावायचा नाही. त्यावर गिझर पेटला तर तो भडक्यानेच पेटेल.

सोसायटीत नवीन पाइपलाइन आलेल्यांसाठी: एलपीजीचा गिझर पीएनजीवर, म्हणजे पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर, तसाच चालत नाही. एलपीजीचा दाब ३० मिलीबारच्या आसपास, पीएनजीचा साधारण २१, आणि दोन्ही वायूंना नॉझलची भोकं वेगळ्या मापाची लागतात. एलपीजीचा गिझर पीएनजीवर मलूल जळतो किंवा पेटतच नाही. उलट केलं तर हातभर पिवळ्या ज्वाळा आणि काजळी. पट्टीवर कुठला वायू लिहिलाय ते वाचा.

टप्पा ५: झाकण उघडा, पिन बघा

रेग्युलेटर बंद. सेल बाहेर. गिझर चालू होता तर थंड होऊ द्या. पुढच्या मुठी सरळ ओढल्या की निघतात, त्यामागे आणि बुडाशी स्क्रू असतात. झाकण सावकाश पुढे घ्या, कारण काही गिझरांमध्ये आकडे दाखवणाऱ्या पट्टीची वायर झाकणाला चिकटलेली असते. झटका दिला की तुटते. आता फोटो काढा. समोरून एक, खालून एक, वायरींच्या प्लगांचा जवळून एक.

सेल परत घाला. गॅस बंदच राहू दे. पाणी शिरतं त्या पितळी किंवा प्लास्टिकच्या भागाजवळ एक छोटा काळा मायक्रो स्विच दिसेल आणि त्याच्या जिभेशी लागून एक पिन किंवा पत्रा. टॉर्च त्यावर धरा आणि सोबतच्याला नळ सोडायला सांगा.

पिन दोन-तीन मिलिमीटर हलते आणि स्विच ‘टिच’ करतो. नळ बंद केला की ती परत जाते. हे दिसलं तर पाण्याची बाजू चोख आहे.

पाणी भरपूर असूनही पिन ढिम्म राहिली तर डायफ्राम फाटलाय, किंवा पिनवर क्षार चढून ती अडकलीये. फाटक्या डायफ्रामच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो, मग तो कोणाला ढकलणार? डायफ्राम स्वस्त असतो, पण तो बदलताना पाण्याचा आणि गॅसचा भाग एकमेकांपासून सोडवावा लागतो. हे पहिल्यांदाच करत असाल तर मेकॅनिकला बोलवा आणि सर्किट नाही, डायफ्राम बदलायला सांगा. सोबत पिनला सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साधं ऑइल नको, रबर फुगतं.

पिन हलते पण टिकटिक नाही? स्विचची जीभ बोटाने हलवून बघा. काही गिझरांत जीभ दाबली की सर्किट चालू होतं, काहींत सोडली की. दोन्ही करा. बोटाने टिकटिक सुरू झाली तर स्विच फक्त जागेवरून सरकलाय, त्याचा स्क्रू सैल करून पिनच्या जवळ आणा. झाली नाही तर स्विचचा प्लग काढून मल्टिमीटरच्या बजरवर, म्हणजे वीज जायला वाट असली की वाजणाऱ्या खुणेवर, तपासा. जीभ हलवताना आवाज येणं-जाणं बदललं पाहिजे. बदलत नसेल तर स्विच गेला. बदलत असेल, सेल आणि पत्त्याही चांगल्या असतील, तर संशय सर्किटवर. इथे पहिल्यांदा.

सावधान. काही महाभाग मायक्रो स्विचच्या दोन वायरी पिळून थेट जोडून देतात आणि ‘झालं काम’ म्हणतात. अशा गिझरला पाणी आहे की नाही हे कळण्याचा मार्गच उरत नाही. स्विच मिळेपर्यंत एक दिवससुद्धा असं चालवू नका. आधीच्या कुणी असं केलेलं दिसलं तर तिथेच काम थांबवून स्विच बसवून घ्या.

टप्पा ६: ठिणगी कुठे पडते

अजूनही गॅस बंद. दिवा मालवा, नळ सोडा आणि बर्नरकडे बघा. इलेक्ट्रोडच्या टोकापासून बर्नरच्या कडेवर निळसर, टोकदार ठिणगी, दर वेळी एकाच जागी. काही सेकंदांनी आपोआप थांबली पाहिजे.

टिकटिक ऐकू येते पण बर्नरवर ठिणगी दिसत नाही, तर ती वाटेतच कुठेतरी सांडतेय. अंधारात सावकाश नजर फिरवा. जाड वायरीच्या चिरेतून शेजारच्या पत्र्यावर किंवा तडकलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीतून बाजूला उडी मारताना ती सापडते. दिवसाउजेडी हा दोष दिसतच नाही, म्हणून दिवा मालवायचा. या वेळी वायरीला हात लावू नका. झटका जीव घेत नाही, पण दचकून हात कुठेतरी आपटतो.

ठिणगी पिवळट, लांबडी किंवा जागा बदलणारी असेल तर अंतर चुकलंय. सेल काढा आणि टोक व बर्नर यांच्यातली फट मोजा. ३ ते ५ मिलिमीटर बरोबर. वाकवायची तर धातूची काडी वाकवा, चिनी मातीवर जोर दिला की ती तडकलीच. टोकावरची काजळी पॉलिश पेपरने काढा. पावसाळ्यात नुसत्या ओलाव्यानेही ठिणगी भरकटते. कोरड्या फडक्याने चिनी माती पुसून बघा, पैसे वाचतील.

भडक्याचं कारण बहुतेक इथेच मिळतं. गॅस सुटतो, ठिणगी त्याला वेळेत गाठत नाही, गॅस साचतो आणि मग एकदम पेटतो. ठिणगीसमोरची बर्नरची भोकं गंजाने किंवा कोळिष्टकाने बुजली असतील तरी हेच होतं. वरून टूथब्रशने झाडा. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरमध्ये बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं करतो आणि कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते. टॉर्च मारून नळ्यांच्या तोंडात बघा. काही दिसलं तर काडीने आत ढकलू नका, बर्नर काढून साफ करायला मेकॅनिक बोलवा.

ठिणगी उत्तम, बाहेरचा गॅस उत्तम, सेल कोरे, तरी पेटत नाही? गॅस बंदच ठेवून पुन्हा नळ सोडा आणि कॉइलपाशी कान न्या. टिकटिक सुरू होताना एक वेगळा, जाडसर ‘टक्’ आवाज येतो. तो येत नसेल तर आधी कॉइलचा प्लग काढून घट्ट बसवा. निम्म्या वेळा तो अर्धा निसटलेला असतो. तरीही आवाज नाही, तर कॉइल किंवा सर्किट. ते ठरवणं आणि बदलणं मेकॅनिकचं काम, कारण कॉइल गॅसच्या वाटेवर बसलेली असते.

टप्पा ७: पेटून विझतो

बर्नरवर दोन काड्या दिसतात. जाड वायरीची ठिणगीची, बारीक वायरीची सेन्सरची. सेन्सर ज्योतीच्या आत उभा असतो. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहते आणि सर्किट ती ओळखतं. काडीवर करडा थर चढला की वीज अडते, आणि समोर ज्वाळा दिसत असूनही सर्किट म्हणतं ‘पेटला नाही’ आणि गॅस तोडतं.

गॅस बंद, सेल बाहेर, बर्नर थंड. पॉलिश पेपर काडीभोवती गुंडाळून चार-पाच वेळा फिरवा, धातू चमकेपर्यंत. मग फडक्याने पुसा. काडी बर्नरच्या पत्र्याला टेकलेली नको आणि ज्योतीबाहेरही नको. शेवटी सर्किटपासून गिझरच्या अंगाला जोडलेली वायर शोधा. तिचा स्क्रू गंजला असेल तर खरवडून घट्ट करा. ही वायर सगळे विसरतात. सेन्सर नवा बसवूनही गिझर विझतो तेव्हा दोष बऱ्याचदा या एका स्क्रूचा असतो.

ड्राय बाल्कनीत वाऱ्यानेही ज्योत सेन्सरपासून दूर जाते. शांत दुपारी चालतो आणि वाऱ्यात विझतो, तर आडोसा करा, पण वरची धुराची जागा झाकून नव्हे.

टप्पा ८: मधेच बंद होतो

मोबाइलवर वेळ लावा. दर वेळी बरोबर वीस मिनिटांनी बंद होत असेल तर तो दोष नाही, बऱ्याच गिझरांत तसा टायमरच असतो. नळ बंद करून पुन्हा सोडा, चालू होईल.

वेळ दर वेळी वेगळी असेल आणि पाणी कढत असेल तर तांब्याच्या पाइपवरचं थर्मोस्टॅट त्याचं काम करतंय. गॅसची मूठ कमी करा, पाण्याची वाढवा, ‘उन्हाळा-हिवाळा’ मूठ ऋतूप्रमाणे ठेवा. पाणी कोमट असतानाच तुटत असेल तर थर्मोस्टॅट खराब. त्याला बगल देऊन वायरी जोडणं म्हणजे मायक्रो स्विचचाच गुन्हा पुन्हा.

एक वेगळी आणि तातडीची गोष्ट: नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच राहिली, तर ताबडतोब रेग्युलेटर बंद करा. अडकलेली पिन किंवा न मिटणारा वॉल्व्ह, दोन्ही बाबतीत तो गिझर दुरुस्तीपर्यंत वापरायचा नाही.

टप्पा ९: बंद करा आणि परीक्षा घ्या

फोटोशी ताडून सगळे प्लग बसवा. वायरी बर्नरपासून लांब आहेत ना ते बघा. झाकण लावा, मुठी बसवा. रेग्युलेटर चालू करा आणि बाहेरच्या प्रत्येक गॅस जोडणीवर साबणाचं पाणी लावून मिनिटभर बघा. एकही बुडबुडा आला तर रेग्युलेटर बंद. काडी किंवा लायटर धरून गळती शोधणारे अजूनही आहेत, म्हणून लिहितोय: नको.

मग नळ दहा वेळा सोडा-बंद करा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट चालवून. दहाच्या दहा वेळा चार-पाच टिकांत, भडका न होता पेटला पाहिजे. नऊ वेळा पेटला तर काम झालेलं नाही, टप्पा १ पासून पुन्हा ऐका. ज्योत निळी आणि ताठ हवी. पिवळी, डुलणारी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय, तो गिझर मेकॅनिकने बर्नर साफ करेपर्यंत आंघोळीला लावू नका.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर नुसतं ‘गिझर पेटत नाही’ म्हणू नका. ‘टिकटिक येते, पिन हलते, ठिणगी बर्नरवर पडते, कॉइलचा टक् येत नाही, नळ चालू असताना सेल २.८ दाखवतात’ एवढं सांगा. तो योग्य भाग सोबत घेऊन येईल. आणि जुना भाग बदलला तर तो मागून घ्या.